मॅगझिन निघता निघेना (आबाजींची ३१५ रायफल)

दारव्हेकर
राम राम मंडळी. प्रश्न जरा निराळा आहे, हसू नका.

आमच्याकडे आबाजींच्या काळची ३१५ बोअरची रायफल आहे, ईशापूर फॅक्टरीची. परवाना आता बाबांच्या नावावर. लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चमध्ये ठाण्यात जमा केली. निकाल लागला, पण पेरणीच्या धांदलीत बाबा आणायला गेलेच नाहीत. मग पाऊस लागला. शेवटी पोळा झाल्यावर घरी आली. आली तेव्हापासून मॅगझिन (गोळ्यांचा डबा) बसलं ते बसलंच. ट्रिगरच्या पुढचा खटका दाबला की मागची बाजू केसभर उतरते आणि थांबते. बाबांनी बट गुडघ्यात धरून ओढून पाहिलं. तळहातावर वळ उमटला, मॅगझिन काही निघालं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मालखान्यात ओलीत ठेवली, नाहीतर कुणीतरी आपटली. घरून गेली तेव्हा ठणठणीत होती, तेलपाणी करून दिली होती. तूर फुलावर यायची वेळ जवळ आली, डुकरं आतापासूनच वावरात मुक्कामाला आहेत. कुणाला असा अनुभव आहे का?

नागपुरी_तर्री
मले वाटलं दिवाळी अंक कुठंतरी अडकला. धागा उघडला तर रायफल निघाली राजेहो.

पेठेतला_पाहुणा
एक बाळबोध शंका. फोटोत पाहिलेली ती जुनी लष्करी एनफिल्ड आणि ही, दोन्ही सारख्याच दिसतात. मग सैन्याची रायफल शेतकऱ्याच्या घरी कशी?

सुभेदार_वाशीम
दारव्हेकर, बाकी सगळं नंतर. आधी सांगा, मॅगझिनमध्ये गोळ्या आहेत की रिकामं आहे? बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढला का? नळीतून उजेड दिसतो का?

मॅगझिन अडकलंय याचा अर्थ ते रिकामं आहे असा होत नाही. आणि मॅगझिन निघालं तरी एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते. बोल्ट पूर्ण मागे घ्या, बोल्टचं डोकं वर उचला, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा. मग वरून आत बोट घालून पाहा. ओढाओढ त्याच्यानंतर. गुडघ्यात बट धरली तेव्हा नळीचं तोंड कुठे होतं, हे मी विचारत नाही.

दारव्हेकर
सुभेदारसाहेब, रिकामंच आहे. काडतुसं जमा केलीच नव्हती, ती घरात कुलपात होती. बोल्ट काढला. वरून पाहिलं तर आतली फळी (गोळ्या ज्यावर बसतात ती) अर्ध्यावर आहे. बोटाने दाबली की खाली जाते आणि खालीच राहते, वर येत नाही.

नळीचं तोंड देवघराकडे होतं. आईने त्यावर वेगळं भाषण दिलं आहे.

सुभेदार_वाशीम
मग हे एक दुखणं नाही, दोन आहेत. डबा रायफलमध्ये अडकला हे एक. डब्यातली फळी डब्यात अडकली हे दुसरं. दोन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. लोक इथेच चुकतात, एक इलाज करतात आणि दोन्ही बरी व्हायची वाट पाहतात.

३०३_प्रेमी_भंडारा
पेठेतल्या पाहुण्यांसाठी. दिसायला सारख्या आहेत, कारण सांगाडा एकच आहे. जेम्स पॅरिस ली याचा बोल्ट आणि मॅगझिन, लंडनच्या उत्तरेला एनफिल्डचा कारखाना, म्हणून ली-एनफिल्ड. १९०७ साली आखूड नळीचा मार्क तीन आला आणि पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे शिपाई फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत तीच रायफल घेऊन लढले. बंगालमध्ये ईशापूरला ती स्वातंत्र्यानंतरही बनत होती. १९६२ मध्ये चीनसमोर आपल्या जवानांच्या हातात बहुतेक हीच होती. त्यानंतर ईशापूरनेच तिचा ७.६२ चा अवतार काढला, १२ गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनचा.

पण ३०३ हे लष्करी काडतूस. इंग्रजांना भीती होती की लोकांच्या घरी लष्करी बोअरची बंदूक असली तर सैन्याच्या गोळ्या चोरून तिच्यात चालतील. म्हणून नागरिकांसाठी काडतूसच वेगळं ठेवलं, ३१५. ते मुळात ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिलिमीटर मानलिखर. रायफल तीच, नळी आणि काडतूस दुसरं, मॅगझिन १० ऐवजी ५ गोळ्यांचं. साहेब गेला, नियम राहिला. ३०३ आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही.

पेठेतला_पाहुणा
म्हणजे लष्कराची सख्खी बहीण, फक्त सासर वेगळं. आभार.

लेथवाला_वर्धा
दारव्हेकर भाऊ, कायले एवढं डोकं लावता? मॅगझिन म्हणजे पत्र्याचा डबा. निघाला की दोन्ही बाजूंनं बारीक कानस मारा, अर्धा दोरा कमी करा, लोण्यासारखा जाईल. माह्याकडे आणा, दहा मिनिटाचं काम.

सुभेदार_वाशीम
लेथवाले भाऊ, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण ही कानस नको. सैन्यात या रायफलचं मॅगझिन बदलायची वस्तू नव्हतीच. एका रायफलला एक मॅगझिन, तिच्याशी जुळवून दिलेलं. गोळ्या वरून भरायच्या, पाच-पाचच्या पट्टीने. मॅगझिन काढायचं ते फक्त सफाईला. म्हणून त्याचं माप रायफलच्या मापाशी बांधलेलं असतं. आज घासलं तर पावसाळ्यात नीट जाईल आणि उन्हाळ्यात खडखड वाजेल. आणि वरचे ओठ, ज्यांच्याखाली गोळी थांबते, त्यांना तर हात लावूच नका. ते अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की गोळी एकतर उडी मारते, नाहीतर नळीच्या तोंडावर नाक आपटते.

कायद्याचं_बोला
आणि लेथवर दुरुस्ती म्हटलं की शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. शस्त्र बनवायला-विकायलाच नाही, धंदा म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवानाधारकाने स्वतःची रायफल पुसणं, तेल देणं, मॅगझिन काढून साफ करणं वेगळं. कानस, वेल्डिंग, नळीचं काम हे परवान्याच्या दुकानातच. लेथवाले भाऊ, राग नको, तुमच्यासाठीच सांगतोय.

शिवाय दारव्हेकर, परवाना बाबांच्या नावाचा आहे. ओढाओढ बाबांनीच करावी. तुम्ही टॉर्च धरा.

लेथवाला_वर्धा
बरं बाप्पा. आमी मोटारीचे जर्नल घासतो. डुकराची काळजी तुमीच करा.

जागल्या_अकोट
डुकराचा विषय निघालाच तर सांगतो. आमच्याकडे रात्री जागलीले गेलो तं तिघं मचाणावर, एक टॉर्च, एक पिपा. पिपा वाजवला की डुक्कर शेजाऱ्याच्या वावरात, शेजाऱ्यानं वाजवला की आमच्यात. वावराभोवती जुने लुगडे बांधले, ते वाऱ्यानं हालते म्हणून डुक्कर येत नाही म्हणे. चार दिवस नाही आले. पाचव्या दिवशी लुगड्याखालून आले. आता झटका मशीन लावली सौरची. रोही (नीलगाय) तिले भेत नाही, उडी मारते.

रायफल असून बी उपयोग काय? वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढला तर डुक्कर राहिलं बाजूले, आपणच आत.

दारव्हेकर
जागल्या भाऊ, आबाजींनी ही रायफल घेतली तेव्हा बाबा शाळेत होते. गेल्या वीस वर्षांत एकही बार झालेला नाही. ती आहे हे गावाला माहीत आहे, एवढाच उपयोग. पण बिघडलेली वस्तू घरात ठेवायची नाही हा बाबांचा नियम आहे. घड्याळ असो की पंप.

सुभेदार_वाशीम
चांगला नियम आहे. आता पहिल्या दुखण्याकडे या.

डबा ज्या खिडकीतून आत जातो तिच्या दोन्ही अंगांना लाकूड आहे. सहा महिने बंद खोलीत, त्यात पूर्ण पावसाळा. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. ठाण्याने काही केलं नसेल, हवेनेच केलं असेल. घरातला दरवाजा श्रावणात घासतो तसंच. याला इलाज म्हणजे सावलीत, वारं लागेल अशा जागी उभी ठेवणं. उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच, लाकूड तडकेल.

दुसरी शक्यता, ट्रिगर गार्डचा (ट्रिगरभोवतीच्या कडीचा) पुढचा मोठा स्क्रू. त्याच्या भोवती लाकडात एक छोटी पोलादी नळी असते, कॉलर म्हणतात. ती स्क्रू किती आवळायचा याची हद्द ठरवते. कुणी रायफल खोलून ती नळी हरवली असेल तर स्क्रू आवळेल तेवढा गार्ड लाकडात रुतत जातो आणि मॅगझिनची जागा चुकते. रायफल कधी पूर्ण खोलली होती का?

डबा निघाला की बाहेरून काजळाचा हात फिरवा. डोळ्यातलं काजळ, नाहीतर दिव्याची काजळी तेलात कालवून. हलक्या हाताने आत घालून काढा. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथेच घासतंय. अंदाजाने लाकूड तासणारे मी बरेच पाहिले, नंतर जाड मॅगझिन शोधत फिरताना.

एनसीसी_मास्तर
काजळाची युक्ती लाख मोलाची. आमच्या कॉलेजात एनसीसीच्या परेडसाठी जुन्या ३०३ होत्या, नळीला भोक पाडलेल्या, बार न होणाऱ्या. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी पोरांनी चमकाव्या म्हणून मॅगझिन-बोल्टना कडीकोयंड्याचं पॉलिश लावलं. सकाळी ‘जाँच शस्त्र’ म्हटल्यावर अर्ध्या पलटणीचे बोल्ट मागे, उरलेल्या अर्ध्या पलटणीच्या हातातल्या रायफली जशाच्या तशा. तपासायला आलेले साहेब बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

नागपुरी_तर्री
मास्तर, त्या उरलेल्या अर्ध्या पलटणीत मी होतो काय असं वाटून राहिलं. आमच्या उस्तादानं तर रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या पाच फेऱ्या मारायले लावल्या होत्या. पाच फेऱ्यांनी मॅगझिन नाही निघालं, घाम बम निघाला.

दारव्हेकर
रायफल कधीच खोललेली नाही. स्क्रूच्या खाचा कोऱ्या आहेत. पण सुभेदारसाहेब, तुम्ही ठाण्याला सोडून देताय. सहा महिने भिंतीला टेकवून ठेवली असेल, खाली ओल असेलच.

मोर्शीची_सून
मी बंदुकीतलं ओ का ठो कळणारी नाही. पण दारव्हेकर, एक सांगा. मॅगझिनच्या फटीत नाक नेलं तर वास कसला येतो? आणि फळीच्या कडेला पिवळसर तपकिरी, नखाने खरवडली तर साल निघेल अशी चिकट पापडी आहे का?

दारव्हेकर
आहे! मी तो गंज समजत होतो. थांबा, वास बघतो.

ओळखीचा वास आहे, पण नाव आठवत नाही. आईच्या फोडणीच्या कपाटासारखा.

मोर्शीची_सून
जवस.

माझ्या माहेरी तेलघाणी होती. शेंगदाण्याचं तेल सांडलं तर चार महिन्यांनी पुसा, पुसलं जातं. जवसाचं सांडलं तर काही दिवसांत चिकट आणि महिन्याने पापडी. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवा खाऊन घट्ट होतं. म्हणून तर रंगारी ते रंगात घालतात आणि म्हणून रंगाऱ्याचा ब्रश धुतला नाही तर दगड होतो. आमचे बाबा घाणीतल्या चिंध्यांचा ढीग करू द्यायचे नाहीत, जवसाच्या तेलाचे बोळे एकावर एक राहिले तर आपोआप तापतात, पेट घेतात.

तुमच्या रायफलला घरून कुणी तेल लावलं होतं?

सुभेदार_वाशीम
बाई, सलाम घ्या. मी तीस वर्षं हेच तेल लावलं आणि डोक्यात आलं नाही. सैन्यात या रायफलच्या लाकडाला जवसाचंच तेल द्यायचे, कच्चं. लाकडाला. ते लाकडात मुरून घट्ट होतं आणि पाणी आत येऊ देत नाही, हाच तर त्याचा गुण. लोखंडाला मात्र दुसरं तेल, दुसरी बाटली, दुसरी चिंदी. कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) बाटल्या बदलल्या तर हवालदार कान उपटायचा.

दारव्हेकर, घरी विचारा.

दारव्हेकर
विचारलं.

आबाजी दर दिवाळीला दांड्याला जवसाचं तेल चोळायचे, हे आईने लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं. मार्चमध्ये रायफल ठाण्यात जायच्या आदल्या रात्री बाबा बाजारसमितीत होते. आईने विचार केला, परक्या घरी चालली आहे, नीट करून पाठवावी. लाकडाला लावलं. मग लोखंड कोरडं दिसलं म्हणून लोखंडालाही लावलं. मग फटींत बोट जाईना, म्हणून समईची वात बुडवून थेंब थेंब आत सोडलं. ‘खटक्यातही सोडलं,’ असं वर अभिमानाने सांगितलं.

ठाण्यावर घेतलेला आळ मागे घेतो. बाबा तासभर अंगणात हसत होते. आई म्हणते, मग तुम्ही का नाही लावलं?

कायद्याचं_बोला
परवाना बाबांच्या नावाचा आणि तेलपाणी आईंनी केलं, हा भाग मी वाचलेला नाही.

जागल्या_अकोट
काकूंचं काय चुकलं? पोरीची पाठवणी करतात तसं केलं.

सुभेदार_वाशीम
वहिनींना सांगा, लाकूड त्यांच्यामुळेच वाचलं असेल. ज्या लाकडावर तेल बसलं ते पावसाने कमी फुगतं. खिडकीच्या आतल्या अंगाला तेल पोचलं नसावं, म्हणून तिथे फुगलं, आणि वर पापडीने चिकटलं. म्हणजे दोन दुखणी ती दोनच, पण एकमेकांच्या गळ्यात गळा.

आता बाबांनी करायचं. बोल्ट बाहेरच. रायफल उलटी, मॅगझिन वर. डबा आणि लोखंडाच्या मधल्या फटीत रॉकेल थेंबाने सोडायचं, लाकडावर ओघळ नको. रात्रभर ठेवा. सकाळी रायफल सरळ करा, खटका दाबून धरा आणि वरून, बोल्ट काढलेल्या जागेतून, लाकडाच्या गोल दांडीने फळीवर नाही तर डब्याच्या मागच्या भिंतीवर हलके ठोके. ओठांना दांडी लागू देऊ नका. पकड, पाना, स्क्रू ड्रायव्हरची तरफ, काही नाही.

नागपुरी_तर्री
रॉकेल? साहेब, रेशनवरचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाले. आता रॉकेल भेटणं म्हणजे ३०३ भेटण्यासारखं.

मोर्शीची_सून
टर्पेंटाइन आणा, रंगाच्या दुकानात मिळतं. जवसाच्या पापडीला ते रॉकेलपेक्षा बरं लागू पडतं. पण पूर्ण वाळलेली पापडी विरघळत नाही हो, मऊ होते. मग बांबूच्या काडीने सोलावी लागते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि पुसलेल्या चिंध्या अंगणात सुट्या पसरा. ढीग नको.

दारव्हेकर
तीन दिवसांनी येतोय.

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या सकाळी बाबांनी चौथा ठोका दिला आणि मॅगझिन खाली पडलं, पोत्यावर. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून आली.

फळी काढायला वेळ लागला. सुभेदारसाहेबांनी फोनवर सांगितलं तसं, मागची बाजू खाली दाबून पुढचं टोक पुढच्या ओठांखालून सोडवलं, की स्प्रिंगसकट वर आली. खालची नागमोडी स्प्रिंग पूर्ण मधात बुडवल्यासारखी. पुढच्या अंगाला एक छोटी पट्टी-स्प्रिंग आहे, ती तर भिंतीला चिकटलेली. टर्पेंटाइनमध्ये दुपारभर, जुना दात घासायचा ब्रश, बांबूची काडी. आत खाली एक वाळलेला भाताचा दाणाही निघाला. तो तिथे कसा गेला याचा तपास आम्ही केला नाही.

आता फळी दाबली की टचकन वर येते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही पुसून घेतला.

काजळ लावून पाहिलं. डाव्या बाजूला मागे, बोटाच्या पेराएवढा एकच डाग उमटतो. बसतं आणि निघतं, पण निघताना कुरकुर करतं.

लेथवाला_वर्धा
तेवढ्याच जागेवर कान... नाही, काही नाही बोललो.

सुभेदार_वाशीम
शाबास. त्या डागाला हात लावू नका. हवा कोरडी झाली की तो आपोआप जाईल. घरी खऱ्या गोळ्या भरून चालवून बघायचा मोह आवरा. परवान्याच्या दुकानात दाखवा, त्यांच्याकडे नकली गोळ्या असतात, गोळी आत जाते-येते ते ते बघतील.

आणि भरताना एक लक्षात ठेवायला सांगा. या काडतुसाच्या बुडाला कडा असते. वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे हवी. मागे राहिली की दोन कडा एकमेकींत अडकतात, बोल्ट ढकलला की गोळी जागची हलत नाही आणि माणूस परत म्हणतो, मॅगझिन बिघडलं.

३०३_प्रेमी_भंडारा
हे कित्येकांचं होतं. माझ्या काकांनी या एका कारणासाठी रायफल विकायला काढली होती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यांच्याकडे तीन होती, एक तर द्यावीच लागणार होती. चांगली देऊन बसले, जुनी दुनाळी ठेवली.

दारव्हेकर
शेवटचं. बाबा काल अमरावतीला परवान्याच्या दुकानात दाखवून आले. दुकानदाराने पुढचा स्क्रू तपासला, कॉलर जागेवर. नकली पाच गोळ्या भरून काढल्या, एकही अडली नाही. डाव्या बाजूच्या डागाबद्दल म्हणाला, लाकूड तासायचं असेल तर होळीनंतर आणा, तेव्हा डाग असला तर तासतो.

तोवर तूर उभीच आहे.

जागल्या_अकोट
डुकराले सांगतो, होळीपर्यंत थांबा म्हणून.

पेठेतला_पाहुणा
सगळं वाचलं. आता प्रश्न एवढाच की उरलेल्या जवसाचं काय केलं?

दारव्हेकर
तेल आईने दांड्यापुरतं वेगळ्या बाटलीत काढून ठेवलं, वर चिठ्ठी चिकटवली, ‘फक्त लाकूड’. जवस भाजून, लसूण आणि तिखट घालून चटणी झाली. बाबा दोन दिवस तीच खात आहेत आणि प्रत्येक घासाला खटक्याचा आवाज काढत आहेत.

मोर्शीची_सून
जिरं भाजून घाला म्हणावं त्यात. आणि ज्वारीची भाकर, पोळी नाही.